१९६२चा अहवाल आता देशापुढे ठेवा

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



लेफ्टनंट जनरल टी. बी. हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत या दोन अधिकाऱ्यांनी १९६२च्या चीन युद्धातील पराभवाची तपासणी केली आणि १९६३ साली अहवाल दिला. साठ वर्षे उलटून गेली, तरी तो आपल्या मंत्रालयात बंद आहे. तो अधिकृतपणे प्रसिद्ध करावा, एवढीच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे.

मागणी जुनी आहे, हे मला ठाऊक आहे. पण आजवर ती बहुतेकदा ‘दोषी कोण’ या एकाच प्रश्नापाशी अडकली. नेहरू की कृष्ण मेनन, आघाडीवरचे जनरल कौल की गुप्तचर विभाग, असा वाद घालत आपण दोन पिढ्या घालवल्या. माझे म्हणणे वेगळे आहे. जेमतेम एक महिना चाललेल्या त्या युद्धाने पंधरा वर्षांचा हा देश आतून बदलला. त्याचे लष्कर, त्याचा अर्थसंकल्प, नागरिकांच्या हक्कांविषयीची त्याची भूमिका, पक्षांचे राजकारण, ईशान्येकडे पाहण्याची दृष्टी हे सगळे १९६२ नंतर वेगळे झाले. आज आपण ज्या राज्यव्यवस्थेत राहतो, तिचा मोठा भाग त्या हिवाळ्यात घडला. त्याची किंमत सामान्य माणसाने मोजली, पण हे सारे कशामुळे ओढवले, याची सरकारने करवून घेतलेली तपासणी त्याला आजवर वाचू दिलेली नाही.

तो काळ थोडा आठवू या. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. सुमारे छत्तीस तासांत पोर्तुगीज शरण आले आणि देशभर आनंद झाला. तो योग्यच होता. पण त्या सोप्या विजयाने दिल्लीत एक चुकीचा विश्वास रुजवला. जे मांडवीच्या काठी जमले, ते हिमालयातही जमेल, असे काहींना वाटू लागले. दोनच महिन्यांनी उत्तर मुंबईच्या मतदारांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना आचार्य कृपलानींविरुद्ध मोठ्या मताधिक्याने निवडून दिले. आमच्या मुंबईनेही त्या विश्वासावर शिक्का मारला होता, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

इशारा देणारे नव्हते असे नाही. त्यातला सर्वांत स्पष्ट इशारा कोल्हापूरकडच्या माणसाचा होता. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात तेव्हा लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीनने हल्ला केला तर तो कोणत्या वाटांनी येईल, आपली सध्याची ठाणी किती दिवस टिकतील आणि खरी लढाई कोणत्या रेषेवर द्यावी लागेल, याचे टिपण त्यांनी १९५९च्या ऑक्टोबरात तयार केले. मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन त्यांनी ते वरिष्ठांसमोर मांडले. पुढे थोरात निवृत्त झाले आणि टिपण फायलीत पडून राहिले. ते पंतप्रधानांच्या नजरेखाली वेळेवर आलेच नाही, असे थोरातांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. थोरातांची बाजू आपल्याला कळते, कारण ते लिहिते होते. सरकारची बाजू कळत नाही, कारण कागद बंद आहेत.

२० ऑक्टोबर १९६२च्या पहाटे ईशान्य सीमेवरच्या नामका चू नदीकाठी आणि त्याच दिवशी लडाखमध्ये हल्ला झाला. नामका चूवरची सातवी ब्रिगेड काही तासांत मोडली आणि तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी चीनच्या हाती सापडले. नोव्हेंबरात ईशान्येतलेच से-ला आणि बोमदिला पडले. आसामातल्या तेजपूरमध्ये सरकारी अधिकारी शहर सोडून गेले, बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या. ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेकडच्या लोकांना आपल्याला दिल्लीने सोडून दिले असे वाटले आणि ती सल तिथे अजून बोलून दाखवली जाते. २१ नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांनुसार तेराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले, सतराशेच्या आसपास बेपत्ता झाले आणि जवळपास चार हजार युद्धकैदी झाले.

यातच लडाखमधली रेझांग ला खिंडही आहे. १८ नोव्हेंबरला तिथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँची चार्ली कंपनी अखेरच्या गोळीपर्यंत लढली. शंभराहून अधिक जवान मारले गेले. त्यातून वाचलेल्या मोजक्या जवानांनी जे सांगितले, त्यावर सुरुवातीला विश्वास ठेवला गेला नाही. पराभवाच्या त्या वातावरणात कोणी असे लढले असेल, हे पटतच नव्हते. फेब्रुवारी १९६३मध्ये खिंडीपर्यंत माणसे पोहोचली तेव्हा मोर्च्यांत, शस्त्र हाती धरलेल्या अवस्थेत गोठलेले देह सापडले. खरे काय घडले ते देशाला तेव्हा समजले. मंत्रिमहोदय, माहिती दडली की अपयश झाकले जाते, तसे शौर्यही झाकले जाते. जो अहवाल उघडल्याने सैन्याचे मनोधैर्य खचेल असे सांगितले जाते, त्यातच निकृष्ट साधनांनिशी आणि अशक्य हुकमांखाली लढलेल्या तुकड्यांना न्याय मिळण्याची शक्यता आहे.

त्यानंतर हा देश कसा बदलला, ते महाराष्ट्राने फार जवळून पाहिले. अडीच वर्षांच्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीने बोलावून घेतले आणि २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आमच्या घराघरांत आहे. पण त्या गौरवाच्या वाक्याखाली त्यांनी केलेले काम दडून जाते. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचे, दहा पर्वतीय डिव्हिजन उभ्या करायच्या, हवाई दल ४५ स्क्वाड्रनपर्यंत न्यायचे, अशी योजना आखली गेली आणि संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना १९६४ पासून सुरू झाली. संरक्षणखर्च दोन वर्षांत दुपटीहून अधिक झाला. अधिकारी कमी पडत होते, म्हणून पुण्यात आणि मद्रासमध्ये प्रशिक्षण शाळा काढून काही महिन्यांच्या शिक्षणावर तरुणांना आणीबाणी कमिशन दिले गेले. कॉलेजातून थेट फौजेत गेलेली ती मुले तीनच वर्षांत पाकिस्तानविरुद्ध लढत होती. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि द्राक्षबागांच्या त्या गावाचे जगणे बदलले. महाविद्यालयांत १९६३ पासून एनसीसी सक्तीची झाली. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या अनेकांना सकाळच्या परेडी आठवत असतील.

ही झाली दिसणारी बाजू. दुसरी बाजू सोनारांना विचारावी. जानेवारी १९६३मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी घातली. परकीय चलन वाचवणे आणि सोन्याची तस्करी रोखणे हा हेतू होता, आणि युद्धानंतर त्याची निकड वाढली होती. प्रत्यक्षात गावोगावच्या कारागिरांच्या हातचे काम गेले. त्यातले कित्येक देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सक्तीची ठेव योजना आली. संरक्षण निधीत बायकांनी बांगड्या आणि मंगळसूत्रे काढून दिली होती, ती कोणी मागितली म्हणून नव्हे. लोक देत होते. देताना त्यांनी पावती मागितली नाही, पण झाले काय हे जाणून घेण्याचा त्यांचा हक्क तेव्हाही होता आणि त्यांच्या नातवंडांना तो आजही आहे.

तिसरी बाजू सर्वांत कमी बोलली जाते. २६ ऑक्टोबर १९६२ला जाहीर झालेली आणीबाणी १० जानेवारी १९६८पर्यंत उठली नाही. महिनाभराच्या युद्धासाठी पाच वर्षांहून अधिक काळ मूलभूत हक्कांवर टाच राहिली आणि भारत संरक्षण कायद्याखाली माणसे विनाचौकशी तुरुंगात ठेवली गेली. आसामातल्या माकुमपासून दार्जिलिंग आणि शिलाँगपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली चिनी वंशाची सुमारे तीन हजार माणसे घरांतून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत नेली गेली. त्यांत इथे जन्मलेली मुले होती, म्हातारी माणसे होती. आजी-आजोबांपैकी एखादे चिनी असणेसुद्धा पुरेसे ठरत होते. काहींना चीनला पाठवले, काहीजण काही वर्षांनी परतले तर घरदार लिलावात गेलेले. शेवटचे कैदी १९६७मध्ये सुटले. त्यांची माफी भारत सरकारने अजून मागितलेली नाही. १९७५च्या आणीबाणीवर आपण पुष्कळ लिहितो. शासनाला ते अधिकार वापरायची सवय तेरा वर्षे आधीच लागली होती, असे माझे ठाम मत आहे.

राजकारणही हलले. द्रविड मुन्नेत्र कळघमच्या अण्णादुराईंनी युद्ध सुरू होताच वेगळ्या द्रविडनाडूची मागणी बाजूला ठेवली आणि १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने फुटीरतेचा प्रचार करून निवडणूक लढवण्याची वाट बंद झाली. कम्युनिस्ट पक्षात श्रीपाद अमृत डांगे सरकारच्या पाठीशी उभे राहिले, दुसरा गट वेगळे बोलू लागला, आणि १९६४मध्ये पक्ष दुभंगला. फुटीची कारणे आणखीही होती, पण युद्धाने ती उघड केली. ज्या उत्तर मुंबईत हरले त्याच कृपलानींनी पोटनिवडणुकीतून लोकसभेत येऊन ऑगस्ट १९६३मध्ये स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण नेहरूंना सभागृहात कधी नव्हे ते उत्तर द्यावे लागले. ईशान्येचा कारभारही बदलला. ईशान्य सीमाप्रदेश, म्हणजे नेफा, तेव्हा परराष्ट्र खात्याकडे होता! आपल्याच भूभागाचा कारभार परराष्ट्र खाते पाहत होते. १९६५मध्ये तो गृहखात्याकडे आला. मग रस्ते आले, पोलीस आले, हिंदी आली आणि पुढे अरुणाचल प्रदेश झाला. तिथल्या माणसांना ते किती हवे होते, किती नको होते, हा स्वतंत्र विषय आहे.

आता अहवालाकडे येतो. नवे लष्करप्रमुख जनरल चौधुरी यांनी ही तपासणी करवली. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत तिचे सार सांगितले. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वाची रचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कुवत हे मुद्दे त्यांनी मांडले आणि मूळ अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही असे सांगितले. त्या वेळी तो निर्णय मला योग्य वाटतो. शत्रू सीमेवर होता, फौज नव्याने उभी राहत होती. पण यशवंतरावांनी घातलेले ते कुलूप एका विशिष्ट वेळेसाठी होते. नंतरच्या प्रत्येक सरकारने ते वारसाहक्काने पुढे चालवले.

२००९मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांचा माहिती अधिकारातला अर्ज केंद्रीय माहिती आयोगात फेटाळला गेला. २०१०मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की अहवाल अत्यंत संवेदनशील आहे आणि लष्करी कारवायांच्या दृष्टीने आजही उपयोगाचा आहे. मार्च २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग जगासमोर टाकला. तेव्हा विरोधात असलेले अरुण जेटली यांनी तो खुला करण्याची बाजू घेतली. जुलैमध्ये संरक्षणमंत्री म्हणून त्यांनी राज्यसभेत तो प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही असे उत्तर दिले. पक्ष बदलले, उत्तर बदलले नाही. म्हणून हे पत्र कोणत्या पक्षाविरुद्ध नाही, पदाला उद्देशून आहे.

आक्षेपांपैकी एक खरा वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. मॅक्मोहन रेषा नकाशावर एकीकडे आणि डोंगराची धार दुसरीकडे, असा नामका चूजवळच्या थागला परिसरातला गुंता त्या कागदांत आहे आणि सीमेचा वाद अजून मिटलेला नाही. जून २०२०मध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. वाटाघाटीच्या टेबलावर आपलेच कागद आपल्याविरुद्ध वापरले जातील, ही भीती समजण्यासारखी आहे. पण अहवालाचा तो भाग दशकभराहून अधिक काळ इंटरनेटवर पडून आहे. बीजिंगने तो केव्हाच वाचला असेल. अधिकृत प्रत नसल्याने अडचण होते ती फक्त आपल्या अभ्यासकाची, कॅडेटची आणि मतदाराची. त्यातूनही ज्या परिच्छेदांना आज खरोखर लष्करी महत्त्व असेल, ते झाकून उरलेला मजकूर द्यावा. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीच्या अहवालाबाबत हेच केले गेले. युद्ध संपल्यावर सात महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०००मध्ये, तो काही ओळी झाकून संसदेपुढे आला, पुस्तकरूपाने विकला गेला. सैन्य खचले नाही. उलट गुप्तवार्ता आणि तिन्ही दलांच्या समन्वयाबाबतच्या सुधारणा त्यातूनच सुरू झाल्या.

बाहेर आलेल्या भागातला एक तपशील मला झोपू देत नाही. २ नोव्हेंबर १९६१च्या बैठकीत पंतप्रधानांच्या उपस्थितीत ठरले की पुढे ठाणी बसवावीत, आणि त्याचबरोबर त्यांच्या मागे भक्कम तळ उभारून फौजा एकवटाव्यात. लष्करी मुख्यालयाने खालच्या विभागांना जो हुकूम पाठवला, त्यात हा दुसरा भाग राहूनच गेला. ठाणी पुढे गेली, मागे काहीच नव्हते. ऑगस्ट १९६२मध्ये पश्चिम विभागाचे प्रमुख दौलतसिंग यांनी या धोक्याकडे लेखी लक्ष वेधले, तेही वाया गेले. म्हणजे ‘राजकारण्यांनी सैनिकांना मरायला पाठवले’ ही आपल्या मनातली गोष्ट अर्धीच आहे. पण तिच्यावर विसंबून आपण १९६२ नंतर एक मोठा धडा घेतला: मंत्र्यांनी लष्करी कारवाईच्या बारकाव्यांत पडू नये. पुढे १९६५ला चव्हाणांनी हवाई दल वापरण्याची परवानगी काही मिनिटांत दिली, त्यात त्या धड्याचे चांगले रूप दिसले. (ते आपल्याला कळते, कारण त्यांची रोजनिशी राम प्रधानांच्या संपादनातून प्रसिद्ध झाली.) पण मंत्र्याने प्रश्नच विचारू नयेत, हा त्याच धड्याचा दुसरा अर्थ आपल्याला परवडणारा नाही. मागे तळ आहेत का, हे १९६१च्या डिसेंबरात एखाद्या मंत्र्याने विचारायला हवे होते.

हेही नोंदवतो की हेंडरसन ब्रुक्स यांची कक्षा लष्करापुरती होती. मंत्रालयातल्या बैठका आणि त्यांची टिपणे त्यांना तपासता आली नाहीत. म्हणून केवळ हा अहवाल उघडून काम संपत नाही. त्या काळच्या संरक्षण आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या फायलीही लागतील. आपल्याच मंत्रालयाच्या इतिहास विभागासाठी पी. बी. सिन्हा आणि पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये यांनी १९९२मध्ये या युद्धाचा अधिकृत इतिहास लिहून पूर्ण केला. तोही रीतसर प्रकाशित झालेला नाही. सरकारने लिहवून घेतलेला इतिहास सरकारच छापत नाही, याला काय म्हणावे?

आणि नवा कायदाही करावा लागणार नाही. युद्धांचे दस्तऐवज साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले करावेत आणि तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत, असे धोरण आपल्या मंत्रालयाने जून २०२१मध्ये जाहीर केले. त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. १९६२च्या कागदांची पंचवीस वर्षे १९८७मध्येच भरली.

तरुण देशाला पराभव पचवता येत नाही, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर मी ऐकून घेतले असते. तरी त्याच तरुण देशाने नोव्हेंबर १९६२मध्ये, गोळीबार चालू असताना, संसदेत उघड चर्चा केली. गुप्त बैठक घ्यावी ही सूचना नेहरूंनी नाकारली. सदतीस वर्षांचे अटलबिहारी वाजपेयी राज्यसभेत सरकारवर कडाडून टीका करत होते आणि ती छापून येत होती. आज देशाचे वय पाऊणशेच्या पुढे आहे.

म्हणून विनंती अशी. हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवालाचे दोन्ही खंड, ज्या ओळी आज खरोखर झाकाव्या लागतील तेवढ्या झाकून आणि त्या का झाकल्या हे सांगून, संसदेच्या येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवा. मूळ प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्या. १९९२चा अधिकृत इतिहास छापा, आणि त्याची हिंदी, मराठी, आसामी भाषांतरे करवून घ्या, कारण ज्यांची मुले त्या युद्धात गेली ती कुटुंबे या भाषांत बोलतात. देवळीच्या छावणीची कागदपत्रेही याच निर्णयात घ्या. यातल्या कोणत्याही गोष्टीला आपल्या सहीपलीकडे फारसे काही लागत नाही. ती सही करावी.

आपला,
महाराष्ट्रातील एक नागरिक